धर्मचरित्रांतील वृत्तांतभेद

धर्मसंस्थापक, संत वा अवतारी पुरुष यांच्या जीवनातील एकाच घटनेची दोन किंवा अधिक जुनी कथने उपलब्ध असून ती स्थळ, काळ, व्यक्ती, क्रम, संवाद वा फलित यांबाबत परस्परांशी जुळत नसतील, तर त्या विसंगतीला वृत्तांतभेद म्हणतात. पाठभेद आणि रूपभेद या दोन संज्ञांहून ही संज्ञा वेगळी आहे. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत नकलकारांमुळे जे शाब्दिक फरक पडतात, ते पाठभेद होत. सर्वांस ठाऊक असलेली कथा कवी जाणूनबुजून निराळ्या रचनेत मांडतो, तो रूपभेद होय. वृत्तांतभेदात मात्र प्रत्येक निवेदक प्रत्यक्ष घडलेलेच सांगत असल्याचा दावा करतो. म्हणूनच त्या निवेदनांतील फरक श्रद्धावंतास अडचणीचा, आक्षेपकास सोयीचा आणि इतिहाससंशोधकास बहुमोल वाटतो.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या संदर्भात झाला. महाराष्ट्रात तेराव्या शतकातील लीळाचरित्र आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील तुकारामचरित्राची साधने या दोन ठिकाणी त्याला जवळची उदाहरणे मिळतात. तुकारामांचे चरित्र ज्या वाटेने आजही दरवर्षी लोकमुखी फिरते, ती पालखीची वाट पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जाते. बारामती हे रूपभेदाचा मोठा नमुना निर्माण करणाऱ्या मोरोपंतांचेही गाव आहे.

ख्रिस्ती शुभवर्तमाने : येशू ख्रिस्ताच्या चरित्राची मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांवर असलेली चार कथने ‘नव्या करारा’त समाविष्ट आहेत. सर्वसाधारण विद्वन्मतानुसार मार्क सु. इ. स. ७०, मत्तय व लूक सु. ८०–९० आणि योहान सु. ९०–१०० या काळात सिद्ध झाले. म्हणजे सर्वांत जुने कथनही वर्णिलेल्या घटनांनंतर सुमारे चार दशकांनी लेखनिविष्ट झाले. पहिल्या तिहींमध्ये प्रसंगांचा क्रम व शब्दयोजना यांचे इतके साम्य आहे, की ती शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. त्यामुळे त्यांना समदर्शी शुभवर्तमाने म्हणतात. योहानाची मांडणी स्वतंत्र आहे.

त्यांतील भेदांची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत : येशूच्या जन्माची कथा मार्क व योहान सांगतच नाहीत. मत्तयाच्या कथनात मरिया व योसेफ बेथलेहेमातील एका घरात आहेत, पूर्वेकडील मागी लोक ताऱ्याच्या मागोमाग तेथे येतात आणि हेरोद राजाच्या भयाने कुटुंब मिसर देशात पळून जाते. लूकाच्या कथनात हे कुटुंब मूळचे नासरेथचे. शिरगणतीसाठी ते बेथलेहेमास येते, बाळ गव्हाणीत ठेवले जाते, मेंढपाळ दर्शनास येतात आणि यरुशलेमातील मंदिरात विधी उरकून सर्वजण नासरेथास परततात. पलायनाचा तेथे उल्लेख नाही. मत्तयाचा हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला, तर लूकाने ज्या अधिकाऱ्याच्या नावाशी शिरगणती जोडली, त्याची इतिहासास ज्ञात असलेली शिरगणती इ. स. ६ मधील आहे. मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलल्याचा प्रसंग योहान येशूच्या कार्याच्या आरंभी, तर इतर तिघे अखेरच्या आठवड्यात ठेवतात. समदर्शी कथनांत अखेरचे भोजन हे वल्हांडण सणाचे भोजन आहे. योहानाच्या कथनात वधस्तंभाची घटना त्या सणाच्या पूर्वतयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरांचा बळी देण्याच्या वेळी घडते. रिकाम्या कबरीकडे मार्काच्या मते तीन, मत्तयाच्या मते दोन, लूकाच्या मते त्याहून अधिक स्त्रिया गेल्या. योहान एकट्या मग्दालिया मरियेचे नाव घेतो. तेथे कोण दिसले, याविषयीही एक तरुण, एक देवदूत, दोन पुरुष, दोन देवदूत अशी चार उत्तरे आहेत.

हे सर्व भेद एका प्रकारचे नाहीत. स्त्रियांच्या संख्येतील फरक स्मरणाचा असू शकतो. वल्हांडणाच्या दिवसाचा फरक बहुधा अर्थाचा आहे, कारण येशूस बळीचे कोकरू मानणाऱ्या योहानाच्या विचारास तो दिवस नेमका अनुरूप ठरतो. काही भेद तपशिलाच्या वाढीतून आले आहेत. येशूला पकडतेवेळी प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला गेला, ही घटना चौघेही सांगतात. मार्काच्या कथनात तलवार चालविणारा व जखमी होणारा हे दोघेही अनाम आहेत. लूक कान बरा केल्याची भर घालतो. योहानाच्या कथनात तलवार पेत्राची आहे आणि दासाचे नाव मल्ख आहे. कथा पुढे सरकते तशी तीत नावे भरली जातात, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. मात्र उशिरा आलेले नाव खोटेच असते, असा नियम त्यातून निघत नाही. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथातही असा भेद संभवतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पौलाच्या धर्मांतराची हकीकत तीनदा आली आहे. पहिल्या वेळी त्याच्या सोबत्यांना वाणी ऐकू येते पण कोणी दिसत नाही. दुसऱ्या वेळी त्यांना प्रकाश दिसतो पण वाणी ऐकू येत नाही.

चार कथनांचे एक कथन करण्याचा प्रयत्न फार लवकर झाला. सु. १७० मध्ये टेशियन या लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून ‘दियातेस्सरोन’ (चौघांमधून) हा ग्रंथ तयार केला. सिरियातील मंडळ्यांत तो पाचव्या शतकापर्यंत वाचला जाई. नंतर त्याच्या प्रती काढून घेऊन त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवण्यात आली. चारच शुभवर्तमाने प्रमाण, असा आग्रह इरिनीअसने सु. १८० मध्ये धरला होता. सु. ४०० मध्ये ऑगस्टीनने भेदांचा परिहार करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, पण चारांचे एक केले नाही. भेद गैरसोयीचे असूनही चर्चने ते जपले, म्हणूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीसबाख या जर्मन विद्वानाला पहिली तीन कथने समांतर स्तंभांत छापता आली व तुलनात्मक चिकित्सेचा पाया घातला गेला. मत्तय व लूक यांनी मार्काचे कथन आणि येशूच्या वचनांचा आज अनुपलब्ध असलेला एक संग्रह अशी दोन साधने वापरली, हे मत पुढे बहुमान्य झाले.

मराठीत ही दोन्ही वळणे दिसतात. गोव्यातील जेझुइट धर्मोपदेशक फादर स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या क्रिस्तपुराणात (१६१६) शुभवर्तमानांतील प्रसंग सुमारे अकरा हजार ओव्यांच्या अखंड कथेत ओवले आहेत. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोतृवर्गाला एकसंध कथाच हवी होती. याउलट, बारामती व इंदापूर या तालुक्यांना लागून असलेल्या दौंड तालुक्यात, केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते पूर्ण छापले गेले. भाषांतर असल्यामुळे त्यात चार कथने चार म्हणूनच राहिली.

लीळाचरित्र : महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या लीळांचा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ (सु. १२७८) मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ होय. चक्रधरांच्या प्रयाणानंतर (सु. १२७२–७४) त्यांचा भक्तपरिवार रिद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. तेथे म्हाइंभटांनी पंथाचे आचार्य नागदेव ऊर्फ भटोबास यांच्याकडून आठवणी मिळविल्या, आणि इतर प्रत्यक्षदर्शी भक्तांना गाठून त्या पडताळल्या. चरित्रनायकास पाहिलेल्या व्यक्ती हयात असताना आणि प्रयाणानंतर अवघ्या काही वर्षांत झालेले हे संकलन असल्यामुळे घटना व लेखन यांमधील अंतर येथे शुभवर्तमानांपेक्षा पुष्कळच कमी आहे.

ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. एकांकात चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा काळ येतो. त्या काळात भक्तांपैकी कोणी बरोबर नव्हते; तेव्हा तेथील साक्ष ही चक्रधरांनी स्वतः पुढे सांगितलेल्या गोष्टींची, म्हणजे दुसऱ्या हाताची आहे. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांत मात्र बाइसा, महदाइसा, भटोबास यांच्यासारख्या निकटवर्ती भक्तांनी पाहिलेले व ऐकलेले प्रसंग आहेत. एका ग्रंथातही साक्षीचे बळ सर्वत्र सारखे नसते, हे या विभागणीवरून स्पष्ट होते.

मूळ पोथी फार काळ टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांच्या राज्यावर आलेल्या खलजी सैन्याच्या धामधुमीत, ज्याला पंथात ‘खालशाची धाड’ म्हणतात, ती नाहीशी झाली. त्यानंतर ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसा या विदुषीच्या पाठांतरावरून सिद्ध झालेला पाठ त्यांत विशेष मान्यता पावला; परंतु इतरांचे स्मरणही टाकून देण्यात आले नाही. लीळा सांगून झाल्यावर तीच गोष्ट दुसऱ्या कोणास कशी आठवत होती, हे ‘वासना’ या संज्ञेखाली देण्याची पद्धत रूढ झाली. रामेश्वरबास, परशरामबास यांसारख्या शोधकांना मिळालेली अधिक माहितीही त्यांच्या नावांसह जोडण्यात आली. परिणामी काही लीळांत एकाच प्रसंगाची दोन वा तीन स्मरणे एकाखाली एक उभी आढळतात आणि त्यांपैकी खरे कोणते, याचा निर्णय संकलक पुष्कळदा देत नाही.

ही पद्धती केवळ ऐतिहासिक सावधगिरीतून आलेली नाही. पंथाच्या दृष्टीने चक्रधर हे परमेश्वरावतार. त्यांच्या लीळांचे स्मरण हे साधकाचे नित्य कर्तव्य. जे स्मरण साधनेचा भाग आहे, त्यातील कोणाची आठवण पुसून टाकावी, हा प्रश्न श्रद्धेच्याच दृष्टीने बिकट ठरला असावा. श्रद्धा भेद पुसते, असा सामान्य समज आहे. लीळाचरित्रात श्रद्धेनेच भेद राखले.

सर्वांत गंभीर वृत्तांतभेद चक्रधरांच्या अखेरच्या दिवसांविषयी आहे. ते उत्तरापंथे निघून गेले व चिरंजीव आहेत, अशी पंथाची धारणा आहे. काही पाठांत राजसत्तेकडून त्यांचा छळ झाल्याचे प्रसंग येतात आणि त्यांवरून त्यांच्या अंताविषयी वेगळे निष्कर्ष काही संशोधकांनी काढले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केल्यावर त्यातील काही लीळांवरून वाद झाला. सातशे वर्षांपूर्वीच्या वृत्तांतभेदालाही वर्तमानात धार असू शकते, याचे हे उदाहरण होय.

तुकारामचरित्र : तुकारामांच्या चरित्राची साधने तीन थरांत मांडता येतात. पहिला थर त्यांच्या स्वतःच्या अभंगांचा. दुसरा थर त्यांना पाहिलेल्या व्यक्तींच्या रचनांचा. त्यांत बंधू कान्होबा, रामेश्वरभट्ट आणि शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांचे अभंग येतात. तिसरा थर महीपतींच्या (१७१५–९०) ओवीबद्ध चरित्रांचा. राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या या चरित्रकाराने भक्तविजय (१७६२) व भक्तलीलामृत (१७७४) या दोन्ही ग्रंथांत तुकारामांची कथा सांगितली असून दुसऱ्यात तिला सोळा अध्याय दिले आहेत. तुकारामांच्या निर्याणानंतर या ग्रंथापर्यंत सुमारे सव्वाशे वर्षे लोटली होती. शुभवर्तमानांशी तुलना करता येथे एक मोठी अनुकूलता आहे : चरित्रनायकाचे स्वतःचे शब्द उपलब्ध आहेत.

इंद्रायणीत वह्या बुडविल्याची घटना तिन्ही थरांत आढळते. आत्मचरित्रपर अभंगात तुकारामांनी दुष्काळात द्रव्य व मान गेल्याचे, पत्नी अन्नावाचून मृत्यू पावल्याचे, मोडके देऊळ सुधारावेसे वाटल्याचे आणि कवित्वाची स्फूर्ती झाल्याचे क्रमाने सांगितले आहे. पुढे निषेधाचा आघात झाला, वह्या बुडविल्या, धरणे धरले व नारायणाने समाधान केले, एवढेच ते सांगतात. निषेध कोणी केला, हे त्यांनी तेथे सांगितलेले नाही. धरण्याच्या काळातील अभंगांत तेरा दिवसांच्या उपोषणाचा उल्लेख आहे आणि वह्यांचे उदकात रक्षण झाल्याबद्दलची कृतज्ञता त्यानंतरच्या अभंगांत आहे.

दुसऱ्या थरात कथा बदलू लागते. रामेश्वरभट्ट आपल्या अभंगात तुकारामांविषयी मनात द्वेष धरल्यामुळे शरीरास व्यथा झाल्याचे कबूल करतात. त्यांचा भर स्वतःच्या पश्चात्तापावर आहे. बहिणाबाईंच्या अभंगात तेरा दिवस हे वह्या पाण्यात सुखरूप राहिल्याचे दिवस झाले आहेत. तुकारामांच्या शब्दांत जे उपोषणाचे मोजमाप होते, ते येथे चमत्काराचे मोजमाप बनले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण साक्षीचा केंद्रबिंदू भक्ताच्या व्याकुळतेकडून देवाच्या सामर्थ्याकडे सरकला आहे. बहिणाबाई या आत्मकथन करणाऱ्या साधक आहेत आणि तुकारामांची कीर्ती त्यांनी देहूला येण्यापूर्वी, जयरामस्वामींच्या कीर्तनांतून ऐकली होती. कथा कोणत्या वाटेने त्यांच्यापर्यंत आली, हे त्यामुळे कळते.

महीपतींच्या कथनात सर्व दुवे जुळलेले आहेत. वाघोलीचे रामेश्वरभट्ट वह्या बुडविण्यास सांगतात. तेरा दिवसांनी वह्या वर येतात. अनगडशाह फकिराच्या शापाने रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह होतो आणि तुकारामांच्या अभंगाने तो शमतो. पूर्वीच्या थरांत सुटे असलेले निषेध, वह्या, तेरा दिवस, द्वेष व व्यथा हे पाच धागे येथे कार्यकारणाच्या एका सूत्रात आले. कान कापण्याच्या प्रसंगात अनाम व्यक्तींना जशी नावे मिळाली, तसाच हा प्रकार आहे. महीपतींनी कथा रचली, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या चरित्रांसाठी नाभाजी व उद्धवचिद्घन यांचा आधार घेतल्याचे ते स्वतः सांगतात, आणि तुकारामांविषयी त्यांच्या काळी प्रचलित असलेल्या परंपरा त्यांच्यासमोर होत्या. त्यांनी त्या परंपरा गुंफल्या. परंतु म्हाइंभटांच्या उत्तराधिकाऱ्यांप्रमाणे भिन्न स्मरणे भिन्न ठेवली नाहीत. श्रोत्यांना कथा सुसंगत मिळाली आणि कोणता धागा कोठून आला, हे झाकले गेले.

कालनिर्णयातही हीच अडचण येते. तुकारामांचे जन्मवर्ष १५६८, १५७७, १५९८ व १६०८ असे चार प्रकारे सांगितले जाते. स्वप्नात बाबाजींकडून झालेल्या उपदेशाची तिथी माघ शुद्ध दशमी व वार गुरुवार हे तुकारामांनीच अभंगात सांगितले, पण शक सांगितला नाही. त्यामुळे तिथी-वार जुळणारी निरनिराळी वर्षे संशोधकांनी पुढे मांडली आणि जन्मवर्षाचा वाद त्यात गुंतला. निर्याणाची तिथी फाल्गुन वद्य द्वितीया याविषयी एकमत असून वर्ष मात्र १६४९ की १६५० असा प्रश्न राहतो. शके १५७१ ही नोंद धरल्यास ते १६५० येते.

निर्याणाचे स्वरूप हा या चरित्रातील सर्वांत नाजूक वृत्तांतभेद होय. कान्होबांच्या अभंगांत बंधूच्या वियोगाचा आक्रोश आणि देवाशी भांडण आहे. देहू येथील जुन्या वहीतील नोंदीत तुकोबांनी प्रातःकाळी तीर्थास प्रयाण केल्याचे म्हटले आहे. महीपतींच्या कथनात ते सदेह वैकुंठास जातात. विसाव्या शतकात काही लेखकांनी विरोधकांकडून घात झाल्याचा तर्क मांडला. हा तर्क मुख्यतः पूर्वीच्या छळाच्या हकिकती आणि साधनांचे मौन यांवर उभा आहे. समकालीन साधनांत घाताचे कथन नाही, तसे विमानाचे तपशीलवार वर्णनही नाही. मौन हे कोणत्याही एका बाजूची साक्ष होऊ शकत नाही. तथापि साधनांच्या मौनाची जागा पुढील प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे भरली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

बारामती व इंदापूर : तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरीस नेण्याची प्रथा सुरू केली. देहूहून निघणारा हा सोहळा पुण्यानंतर यवत, वरवंडमार्गे उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी असे मुक्काम करीत नीरा ओलांडून अकलूजकडे जातो. काटेवाडी येथील मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडी व इंदापूर येथील रिंगणे प्रसिद्ध आहेत. मुक्कामाच्या गावी होणाऱ्या कीर्तन-प्रवचनांतून तुकारामचरित्र श्रोत्यांच्या कानी पडते, ते बहुतांशी महीपतींनी गुंफलेल्या रूपात. याच वाटेवर गाथ्यातील अभंग भजनांत अखंड म्हटले जातात. अशा रीतीने पहिला आणि तिसरा थर एकाच दिवशी, एकाच गावात ऐकू येतात. एक गायनातून आणि दुसरा निरूपणातून. त्यांतील फरक श्रोत्यास सहसा जाणवत नाही, कारण अभंगातील रिकाम्या जागा कथेने आधीच भरलेल्या असतात.

मुद्रण व चित्रपट यांनी या स्थितीत दोन परस्परविरुद्ध बदल घडविले. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखितांच्या आधारे संपादिलेली गाथा १८६९–७३ मध्ये प्रसिद्ध झाली व तुकारामांची स्वतःची साक्ष चरित्रकथेपासून वेगळी वाचणे सर्वांना शक्य झाले. प्रभात फिल्म कंपनीच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटाने उलट कथेचा एक नवा थर घातला. सालोमालो हे नाव तुकारामांच्या अभंगांत येते, तर बहिणाबाई व महीपती यांच्या कथनांत देहूतील छळवादी मंबाजी आहे. चित्रपटात विरोधाचे मुख्य कार्य सालोमालोकडे गेले आणि तीच प्रतिमा अनेकांच्या मनात ठसली.

बारामतीचे कविवर्य मोरोपंत (१७२९–९४) हे महीपतींचे समकालीन. पन्हाळगडावर जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने बारामतीस स्थायिक झाले व तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, अशी ख्याती आहे. ओठांच्या साहाय्याने उच्चारले जाणारे वर्ण टाळलेले निरोष्ठ रामायण, परंतु रामायण, मंत्र रामायण अशी त्यांची निरनिराळी रूपे आहेत. हा वृत्तांतभेद नव्हे. रामकथा श्रोत्यांना ठाऊक आहे, हे गृहीत धरून कवी रचनेचे कौशल्य दाखवितो आणि भेद उघडपणे आपल्या नावावर घेतो. महीपतींच्या कथनात भेद आहेत, पण ते परंपरेच्या नावावर आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन गावी चाललेले हे दोन उद्योग शेजारी ठेवले, म्हणजे रूपभेद व वृत्तांतभेद यांतील सीमारेषा स्पष्ट होते.

कारणे व चिकित्सा : वृत्तांतभेदांची कारणे स्थूलमानाने पाच सांगता येतील : स्मरणातील स्वाभाविक फरक, श्रोतृवर्गाच्या गरजा, घटनेच्या अर्थाविषयीची भिन्न समजूत, सुट्या प्रसंगांना क्रम व कारण देण्याची कथाकाराची प्रवृत्ती, आणि अनाम व्यक्ती, अज्ञात तिथी वा मौन भरून काढण्याची उत्तरकालीनांची ओढ. यांपैकी कोणते कारण कोठे लागू पडते, हे प्रत्येक प्रसंगी स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

चिकित्सेचे काही नियम सर्वमान्य आहेत. कथने प्रथम वेगवेगळी वाचावीत आणि नंतर ताडून पाहावीत. निवेदक घटनेपासून किती वर्षे व किती मुखे दूर आहे, हे पाहावे. जुने कथन सामान्यतः अधिक विश्वसनीय असले, तरी उशिराच्या कथनातही जुनी माहिती टिकलेली असू शकते. निवेदकास गैरसोयीचा तपशील त्याने सहसा रचलेला नसतो. रामेश्वरभट्टांची कबुली या कारणाने मोलाची आहे. भेद आढळला म्हणून घटना घडलीच नाही, असे ठरत नाही. चारही कथने वधस्तंभाविषयी आणि तिन्ही थर वह्या बुडविल्याविषयी एकमताने बोलतात. उलट, कथने तंतोतंत जुळली तर ती परस्परांवरून घेतली आहेत काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

अनेक कथनांचे एक निर्दोष कथन करण्याचा मोह श्रद्धावंतास होतो, तसाच आधुनिक संशोधकासही होतो. पहिला सर्व भेदांचा मेळ घालतो, दुसरा आपल्यास पटणारा एक वृत्तांत ठेवून बाकीचे वगळतो. दोन्ही मार्गांनी साक्ष कमी होते. टेशियनचा ग्रंथ मागे पडून चार शुभवर्तमाने राहिली आणि लीळाचरित्रात वासना जपल्या गेल्या, म्हणून त्या परंपरांतील निवेदकांचे आवाज आजही वेगवेगळे ऐकता येतात. तुकारामचरित्राच्या बाबतीत हे काम गाथा, समकालीनांचे अभंग व महीपतींचे ग्रंथ परस्परांपासून अलग ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकाला करावे लागते. असे वाचन केल्यास घटनेविषयीची माहिती काही वेळा कमी निश्चित होते. पण ती घटना कोणी, कोणासाठी व कोणत्या भावनेने जपली, याविषयीचे ज्ञान वाढते.